नवमतदार, मोबाइल आणि मतदानाच्या आदली रात्र

सांगली, मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिकेची निवडणूक १ ऑगस्ट २०१८ रोजी झाली, त्यानंतरची थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, सभागृहाची मुदत संपली, प्रशासकीय राजवट आली आणि ती लांबतच गेली. या साडेसात वर्षांच्या खंडाची चर्चा झाली ती रखडलेली कामे, प्रशासकांचे निर्णय आणि इच्छुकांची घालमेल यांच्या अंगाने. त्याचा आणखी एक परिणाम मात्र फारसा कोणी लक्षात घेतला नाही. १८ पासून २५ वर्षांपर्यंतचा या शहरांतील जवळजवळ प्रत्येक तरुण महापालिकेसाठी पहिल्यांदाच मत देत होता. त्यातील अनेकांनी लोकसभेला किंवा विधानसभेला मतदान केले होते, हे खरे. पण प्रभागाची निवडणूक म्हणजे काय, ती कोण घेते, एका मतदाराने किती मते द्यायची, याचा अनुभव त्यांच्यापैकी कोणालाच नव्हता. आणि जिथे अनुभव नसतो, माहिती नसते, तिथे अफवेला मोकळे रान मिळते.

कुपवाडचेच उदाहरण घ्या. १९९८ मध्ये महापालिका झाली तेव्हा कुपवाड तिच्यात आले. नाव तिसरे आणि निधीच्या वाटपातही आपण तिसरेच, ही इथल्या रहिवाशांची जुनी तक्रार. एमआयडीसीतील फाउंड्री आणि इतर कारखाने, त्यांच्या पाळ्या, कर्नाटकातून आणि उत्तरेकडून आलेले कामगार, अर्धवट शहर झालेल्या वसाहती आणि प्रत्येक निवडणुकीत नव्याने आश्वासन मिळणारी भुयारी गटार योजना, असे हे गाव. येथील अठरा-एकोणीस वर्षांचा तरुण विलिंग्डन किंवा वालचंदसारख्या महाविद्यालयात असेल, तितक्याच शक्यतेने तो आयटीआय करून एखाद्या कारखान्यात पाळीवर जात असेल. दोघांच्याही हातातला मोबाइल मात्र सारखाच. निवडणुकीची बहुतेक माहिती त्याला मिळते ती या मोबाइलवर, तीही कोणीतरी पुढे ढकललेली.

या 'ढकलपत्रां'चे एक ठरलेले भांडार आहे. प्रत्येक निवडणुकीत तेच संदेश नव्याने उगवतात. मतदान केले नाही तर बँक खात्यातून ३५० रुपये कापले जाणार, हा त्यातला एक. २०१९ मध्ये होळीच्या निमित्ताने एका हिंदी दैनिकाने थट्टा म्हणून छापलेल्या मजकुराचे कात्रण, थट्टेचा संदर्भ गळून पडल्यावर, 'बातमी' होऊन फिरू लागले आणि निवडणूक आयोगाला वेळोवेळी त्याचे खंडन करावे लागले. दुसरा संदेश अधिक धोकादायक, कारण तो मदतीच्या सुरात येतो. यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवा, 'चॅलेंज व्होट' मागा आणि मत द्या, असे त्यात सांगितलेले असते. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल तर 'टेंडर व्होट' मागा, आणि अशी मते १४ टक्क्यांहून अधिक झाली तर त्या केंद्रावर फेरमतदान होते, अशी पुरवणीही असते.

यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पचतो. आक्षेपित मत आणि प्रदत्त मत या दोन्ही गोष्टी निवडणूक नियमांत आहेत. परंतु आक्षेप हा मतदाराच्या ओळखीवर मतदान प्रतिनिधीने घ्यायचा असतो. यादीत नाव नसलेल्याला मत मिळवून देण्याची ती सोय नव्हे. आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिले असेल तर कागदी मतपत्रिकेवर प्रदत्त मत देता येते, एवढा भाग बरोबर आहे. १४ टक्क्यांची गोष्ट मात्र निव्वळ बनावट. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही, खिशात कोणतेही ओळखपत्र असो. या संदेशावर विसंबून एखादा नवमतदार नमुना ६ भरण्याचे टाळतो आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावरून परत येतो. त्याचे मत कोणी चोरलेले नसते. चुकीच्या माहितीने ते बुडवलेले असते.

'नोटा'चे प्रकरण तर याहून गमतीदार आहे. 'नोटा'ला सर्वाधिक मते पडली की निवडणूक रद्द होते, असा संदेश दर वेळी फिरतो. लोकसभा आणि विधानसभेच्या बाबतीत तो सपशेल खोटा आहे. तिथे 'नोटा' पहिल्या क्रमांकावर आला तरी त्याच्या खालोखाल मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो. पण महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये काढलेल्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत 'नोटा'ला सर्वाधिक मते मिळाली तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक घ्यायची आहे. सांगलीची २०१८ ची निवडणूक या आदेशाच्या तीन महिने आधीच उरकली होती. म्हणजे जो संदेश २०२४ मध्ये दोन्ही वेळा खोटा होता, तोच जानेवारी २०२६ मध्ये कुपवाडच्या मतदाराला खरा होता. 'खऱ्या-खोट्याची यादी पाठ करा' असे तरुणांना सांगून भागत नाही ते यामुळे. कोणती निवडणूक, कोणता आयोग, कोणता नियम, हे विचारण्याची सवयच लावावी लागते.

महापालिकेची निवडणूक भारत निवडणूक आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदार यादी विधानसभेचीच, पण ठरावीक तारखेची वापरली जाते. या वेळी ती १ जुलै २०२५ ची होती. त्या तारखेनंतर अठरा पूर्ण केलेल्यांचे नाव यादीत येणे शक्यच नव्हते. ७८ जागा आणि २० प्रभाग असल्याने बहुतेक ठिकाणी एका मतदाराला चार मते द्यायची होती. मत दिल्यावर सात सेकंद चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट यंत्र या निवडणुकीत नव्हते. यातील एकेका गोष्टीवर संशयाची एकेक इमारत उभी राहू शकते. 'माझ्या मुलीचे नाव मुद्दाम गाळले', 'चिठ्ठी दाखवणारे यंत्र लपवले' ही वाक्ये अशीच जन्माला येतात. व्हीव्हीपॅट का नसावे, याबद्दल आयोगाला जाब विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण ते कोठेच नव्हते हे ठाऊक नसलेला तरुण आपल्याच केंद्रावरून ते हलवले, असे समजून चित्रफीत काढतो आणि तासाभरात ती प्रभागभर फिरते.

साताऱ्याची पिपाणी

दिशाभूल म्हणजे खोटी बातमीच असते, असे मात्र नाही. शेजारच्या सातारा मतदारसंघाने २०२४ मध्ये याचा धडा दिला. ७ मे २०२४ रोजी झालेल्या लोकसभा निवडणुकीत उदयनराजे भोसले यांनी राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे शशिकांत शिंदे यांचा ३२,७७१ मतांनी पराभव केला. शिंदे यांचे चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच यंत्रावर एका अपक्षाला मिळालेले चिन्ह होते ट्रम्पेट, म्हणजे आपण ज्याला पिपाणी म्हणतो ते वाद्य. आणि चिन्हांच्या मराठी यादीत त्याचे नाव 'तुतारी' असेच दिलेले होते. जिल्ह्यात फारसा परिचित नसलेल्या या अपक्षाला ३७,०६२ मते मिळाली. दिंडोरीत तर विजयी उमेदवार भास्कर भगरे यांच्याच आडनावाच्या, पिपाणी चिन्हावरील अपक्षाने १ लाख ३ हजारांहून अधिक मते घेतली.

यातील प्रत्येक मत चुकूनच पडले असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि निकाल बदलला असता हे तर्कच राहतात. पण इथे कोणीही खोटे बोललेले नाही. अपक्षाचा अर्ज कायदेशीर होता, चिन्ह आयोगाच्या यादीतले होते, भाषांतर सरकारी होते. विधानसभेच्या आधी पक्षाने तक्रार केली, तेव्हा आयोगाने पिपाणी गोठवण्यास नकार दिला. तुतारीवाल्या माणसाचे चित्र अधिक ठळक करण्याचे तेवढे मान्य केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये आंबेगावात दिलीप वळसे-पाटील १,५२३ मतांनी जिंकले आणि पराभूत देवदत्त निकम यांच्या नामसाधर्म्याच्या पिपाणीवाल्या अपक्षाला २,९६५ मते होती. ज्येष्ठ मतदार गोंधळतात आणि तरुण गोंधळत नाहीत, या समजुतीला फारसा आधार नाही. चिन्हाचे नाव ऐकून गेलेला आणि चित्र न पाहिलेला मतदार कोणत्याही वयाचा असू शकतो. नमुना मतपत्रिका आधी पाहून जाणे, नाव, चिन्ह आणि छायाचित्र या तिन्हींची सांगड घालणे, हा पाच मिनिटांचा सराव आहे. तो कोणत्याही वर्गात करून घेता येतो आणि त्यात कोणत्याही पक्षाचा प्रचार नाही.

त्याच दिवशी, शेजारच्या सांगलीत, नेमके उलटे घडले. उमेदवारी माघारीची मुदत २२ एप्रिलला संपल्यानंतर अपक्ष विशाल पाटील यांचे 'लिफाफा' हे चिन्ह मतदारांपर्यंत न्यायला जेमतेम दोन आठवडे होते. ते पोहोचले आणि विशाल पाटील एक लाखाहून थोड्या अधिक मतांनी निवडून आले. त्यात कार्यकर्त्यांची पायपीट होती तसाच मोबाइलचाही वाटा होता. मोबाइलला सरसकट खलनायक ठरवणाऱ्यांनी ही बाजूही ध्यानात घ्यावी.

आदल्या रात्रीची ध्वनिफीत

विधानसभेसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान होते. आदल्या रात्री, म्हणजे प्रचाराची तोफ थंडावल्यानंतर, काही ध्वनिफिती बाहेर आल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातील असल्याचे सांगितले गेलेले हे संभाषण निवडणुकीसाठी बिटकॉइन वापरण्याविषयीचे होते. भारतीय जनता पक्षाने त्या प्रसारित केल्या. सुळे यांनी त्या बनावट असल्याचे सांगून निवडणूक आयोग आणि सायबर पोलिसांकडे तक्रार केली. तथ्यशोधकांनी वापरलेल्या तपासणी साधनांनी यातील बहुतेक फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेल्या असल्याचा कौल दिला. दुसरीकडे, दोघांबरोबर वर्षानुवर्षे काम केलेल्या एका ज्येष्ठ नेत्याने, मतदान सुरू असतानाच, आवाज त्यांचेच असल्याचे सांगितले.

हा प्रसंग अभ्यासण्यासारखा आहे. त्यात कोण खरे होते, एवढ्यासाठी नव्हे. मतदानाच्या आधीचे ४८ तास शांततेचे असावेत, हे लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ सांगते. मतदाराने शांतपणे विचार करावा, हा त्यामागचा हेतू. तो कायदा १९५१ चा आहे आणि त्याच्या डोळ्यांपुढे सभा, मिरवणुका, चित्रपटगृहे आहेत. आज हेच ४८ तास बनावट मजकुरासाठी सर्वांत सोयीचे ठरतात, कारण खुलासा पोहोचेपर्यंत मतदान झालेले असते. समाजमाध्यम कंपन्यांनी २०१९ मध्ये स्वीकारलेल्या स्वयंस्फूर्त आचारसंहितेत या काळातील तक्रारींवर तीन तासांत कारवाई करण्याचे म्हटले आहे, आणि मे २०२४ मध्ये आयोगाने पक्षांनाही बनावट मजकूर तीन तासांत काढण्यास बजावले. व्हॉट्सअ‍ॅपच्या बंद गटात गेलेली फीत मात्र तीन तासांतही कोणी परत बोलावू शकत नाही.

मग रात्री अकरा वाजता अशी फीत हाती आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने करायचे काय? तिच्याकडे प्रयोगशाळा नाही. आवाज ओळखणाऱ्यांतच एकमत नाही. 'सत्य शोधा' हा उपदेश अशा वेळी निरुपयोगी आहे, कारण सकाळी सातपर्यंत ते सापडणार नाही. तिला शिकवण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. आदल्या रात्री आलेल्या, खातरजमा करणे अशक्य असलेल्या मजकुराचे वजन आपल्या निर्णयात शून्य धरायचे आणि तो पुढे पाठवायचा नाही. तो खरा निघाला तर उद्याही खराच राहील, त्यासाठी कायदा आहे, पुढची निवडणूक आहे. हा नियम सर्व पक्षांना सारखा लागू होतो आणि तो अमलात आणायला तंत्रज्ञान लागत नाही. संयम मात्र लागतो, आणि तो शिकवायला कोणतेही तांत्रिक ज्ञान शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

संशय आणि अविश्वास

खोट्या प्रचारावरचे बहुतेक सरकारी उपक्रम इथे येऊन अडखळतात. 'विश्वास ठेवू नका' हे ते शिकवतात, पण कशावर ठेवायचा ते सांगत नाहीत. परिणामी तरुण प्रत्येकच गोष्टीवर अविश्वास दाखवतो आणि त्यालाच हुशारी समजतो. मतदान यंत्रांच्या वादात हे दिसून आले. विधानसभा निकालानंतर सय्यद शुजा नावाच्या व्यक्तीची यंत्रे 'हॅक' करून देण्याचा दावा करणारी चित्रफीत फिरली; मुंबई सायबर पोलिसांनी ३० नोव्हेंबर २०२४ रोजी गुन्हा नोंदवला. त्याआधी, जूनमध्ये, मुंबई वायव्य मतदारसंघात ४८ मतांनी निकाल लागल्यावर, यंत्र मोबाइलवरील ओटीपीने उघडले गेल्याचे वृत्त एका इंग्रजी दैनिकाने दिले. यंत्र कशालाही जोडलेले नसते आणि त्याला ओटीपी लागत नाही, असा खुलासा निवडणूक अधिकाऱ्यांनी केला आणि दैनिकाने चूक मान्य केली. बातमी जितक्यांनी वाचली तितक्यांनी दुरुस्ती वाचली असेल, असे मानण्याचे कारण नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तर निवडणूक अभ्यासातील एका नामांकित संस्थेच्या ज्येष्ठ अभ्यासकाने रामटेक, देवळालीसारख्या मतदारसंघांत लोकसभा ते विधानसभा या काळात मतदारांची संख्या प्रचंड बदलल्याची आकडेवारी प्रसृत केली. ती चुकीची निघाली. त्यांनी ती मागे घेऊन जाहीर माफी मागितली. चूक कबूल करणे हे अभ्यासकाचे लक्षण आहे, त्याचा गवगवा करण्याचे कारण नाही. पण मधल्या दोन दिवसांत ते आकडे राजकीय भाषणांत जाऊन बसले होते. जाणकाराचे नाव खाली आहे म्हणून आकडा तपासायचा नाही, असे होत नाही.

दुसऱ्या बाजूनेही हातचे राखून ठेवण्याचे कारण नाही. विधानसभेच्या दिवशी सायंकाळी पाचला जाहीर झालेली ५८.२२ टक्क्यांची आकडेवारी रात्री साडेअकराला ६५.०२ वर आणि पुढे ६६.०५ वर गेली. मतदान सहापर्यंत चालले, रांगेतल्यांनी त्यानंतरही मते दिली आणि केंद्रांवरील आकडे उशिरा भरले गेले, हे आयोगाचे स्पष्टीकरण. ते पटण्यासारखे आहे. पण अशा वादात शेवटचा शब्द असतो तो प्रत्येक केंद्रावर मतदान प्रतिनिधींना दिल्या जाणाऱ्या नमुना १७-सी या कागदाचा. प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील पाच याप्रमाणे राज्यातील १,४४० व्हीव्हीपॅट यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या आणि त्या यंत्रांतील मतांशी जुळल्याचे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. या गोष्टी नवमतदाराला माहीत असत्या, तर त्याचा संशय प्रश्नात बदलला असता. 'सगळेच फिक्स आहे' या वाक्याने वाद संपतो. '१७-सीची प्रत कोणाकडे आहे?' या प्रश्नाने तो योग्य ठिकाणी सुरू होतो.

आणि प्रश्न विचारणाऱ्यांना व्यवस्थेने दारे उघडी ठेवली पाहिजेत. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या समाधानासाठी मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले, तेव्हा प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले. त्याच महिन्यात निवडणूक नियमांत बदल करून काही इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज जनतेच्या तपासणीतून वगळण्यात आले. यंत्रणा जेव्हा दारे लावते, तेव्हा खोट्या बातम्यांचा धंदा करणाऱ्यांची सोय होते. जानेवारीच्या महापालिका निवडणुकांत बोटावरची शाई म्हणून वापरलेल्या मार्कर पेनावरून गदारोळ झाला. अशी पेने स्थानिक निवडणुकांत २०११ पासून वापरात असल्याचे राज्य आयोगाने सांगितले. हीच माहिती चार दिवस आधी ठळकपणे दिली गेली असती, तर मतदानाच्या दिवशी सारवासारव करावी लागली नसती.

सांगली-मिरज परिसराला अफवेची किंमत नवी नाही. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील एका कमानीवरील चित्रावरून मिरजेत दंगल उसळली. तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापुरापर्यंत गेले. १३ ऑक्टोबरला विधानसभेचे मतदान होते. तेव्हा कोणाच्या हाती स्मार्टफोन नव्हता. जत तालुक्यातील लवंगा येथे १३ सप्टेंबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारे समजून मारहाण झाली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात अशाच संशयाने भटक्या समाजातील पाच जणांचे जीव घेतले होते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा घातली. त्यानंतर काही दिवसांतच, १ ऑगस्टला, सांगली महापालिकेचे मतदान झाले. निवडणुकीतील अफवा आणि जीव घेणारी अफवा या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. त्या त्याच गटांतून, त्याच माणसांच्या बोटांनी पुढे जातात.

कायद्याचा धाक फारसा उपयोगी पडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ नुसार उमेदवाराच्या चारित्र्याविषयी निवडणुकीत खोटे विधान करणाऱ्याला शिक्षा आहे ती फक्त दंडाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(४) अधिक कडक. पण तेथे विधान उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने केल्याचे सिद्ध करावे लागते. अनामिक क्रमांकावरून आलेल्या फितीच्या बाबतीत ते कसे करणार? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मजकुरावर तसे ठळकपणे लिहावे, ही आयोगाची जानेवारी २०२५ ची सूचनाही पाळणाऱ्यांसाठीच आहे.

तेव्हा प्रश्न शिक्षणावर येतो, आणि इथे आपल्या हातात संशोधन आहे. सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासिकेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमधील गया जिल्ह्यात १,२२४ मतदारांवर एक प्रयोग केला. घरी जाऊन सुमारे तासभर, खोटी माहिती कशी ओळखावी, याचे प्रशिक्षण दिले. एकंदरीत परिणाम जवळजवळ शून्य. इतकेच नव्हे, तर भाजपच्या समर्थकांमध्ये आपल्या पक्षाला अनुकूल खोट्या गोष्टी ओळखण्याची क्षमता प्रशिक्षणानंतर कमी झाल्याचे आढळले. पुढे याच अभ्यासिकेने सहकाऱ्यांसह बिहारमध्येच निराळा प्रयोग केला. राज्य सरकारच्या मदतीने ५८३ खेड्यांतील १३ ते १८ वयोगटाच्या सुमारे १३,५०० मुलांपैकी निम्म्यांना गावच्या ग्रंथालयात काही आठवड्यांच्या अंतराने चार वर्ग दिले. विषय मुख्यतः आरोग्याविषयीच्या अफवांचा. या मुलांची खरे-खोटे ओळखण्याची क्षमता वाढली, ती चार महिन्यांनंतरही टिकली, न शिकवलेल्या राजकीय मजकुरालाही ती लागू पडली आणि मुलांच्या पालकांतही काही फरक दिसला.

या दोन प्रयोगांतील अंतर आपल्या धोरणकर्त्यांनी नीट वाचायला हवे. आपल्याकडे २०११ पासून २५ जानेवारीला राष्ट्रीय मतदार दिन साजरा होतो. २०१८ पासून महाविद्यालयांत निवडणूक साक्षरता मंडळेही आहेत. कार्यक्रम ठरलेला: शपथ, रांगोळी, एक भाषण, छायाचित्र. निवडणूक आली की त्यात 'फेक न्यूज'वर तासभराचे व्याख्यान वाढते. गयेतला प्रयोग नेमका याच पद्धतीचा होता आणि तो फसला. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, मने आधीच तट धरून बसलेली असताना, तासाभरात काही शिकवता येत नाही. केरळच्या कन्नूर जिल्ह्यात २०१८ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी सुमारे १५० शाळांत अफवा ओळखण्याचे वर्ग सुरू केले, त्याला निमित्तही निवडणूक नव्हते. गोवर-रुबेला लसीविरुद्धच्या संदेशांमुळे पालकांनी लस नाकारली होती.

आपल्या घरांतली एक अडचण मात्र कोणत्याही प्रयोगात पुरती पकडता येत नाही. खोटा संदेश बहुधा अनोळखी माणसाकडून येत नाही. तो कुटुंबाच्या गटावर काका टाकतात, भावकीच्या गटावर सरपंच टाकतात, कारखान्यात सुपरवायझर टाकतो. 'काका, हे खोटे आहे' असे चारचौघांत लिहिणे म्हणजे उद्धटपणा, असे आपले संस्कार सांगतात आणि मुले गप्प बसतात. नवमतदाराला तपासणीची साधने शिकवून भागणार नाही. हे बोलावे कसे, तेही शिकवावे लागेल. काकांना गटावर न खोडता वेगळा फोन करणे, 'हे कुठून आले हो?' एवढेच विचारणे, सरकारी परिपत्रकाचा दुवा पुढे करणे, असे मार्ग वर्गात नाट्यरूपाने सहज करून घेता येतात. बिहारमध्ये मुलांकडून पालकांपर्यंत काही पोहोचले असेल तर ते अशाच कुठल्यातरी वाटेने.

आणि वर्गातच नसलेल्यांचे काय? कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या मुलाला निवडणूक साक्षरता मंडळ कधीच भेटत नाही. परप्रांतातून आलेल्या त्याच्या सहकाऱ्याचे नाव यादीत असते ते गावाकडे, आणि त्याच्या फोनवर येणारा खोटा मजकूर भोजपुरीत किंवा कन्नडमध्ये. आयटीआय, उद्योजकांच्या संघटना आणि महापालिकेची वाचनालये यांनी मिळून पाळी सुटल्यावर तासाभराचे चार वर्ग घेणे अशक्य कोटीतले नाही. शिकवायला महाविद्यालयांतील विद्यार्थीच पुरेसे आहेत. ते कोणत्या पक्षाचे, हा प्रश्न येईल, तेव्हा उदाहरणे प्रत्येक पक्षाला अडचणीची होतील अशी, आणि सुरुवात पाणी, लस, मुले पळवणाऱ्या टोळ्या अशा बिगरराजकीय अफवांपासून करावी.

वेळही आत्ताचीच योग्य आहे. लोकसभा आणि विधानसभा यांची मुदत २०२९ पर्यंत आहे. त्या वर्षी पहिले मत देणारी कुपवाडची मुले २०२६ मध्ये नववी-दहावीच्या वयाची आहेत, म्हणजे बिहारमधल्या त्या वर्गांत बसलेल्या मुलांच्याच वयाची. दहावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात 'निवडणूक प्रक्रिया' हे प्रकरण आहे. त्याला जोडून चार तास काढायचे तर शिक्षण विभागाचे एक परिपत्रक आणि तयारी असलेले दोन-चार मुख्याध्यापक एवढेच लागेल.